कंडक्टरच्या पिशवीतली रॅम

कंप्युटरमधून रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून मी त्या कंडक्टरच्या चामडी पिशवीत टाकल्या आणि परत लावायला विसरलो.

त्यानंतर तो कंप्युटर नऊ दिवस चालला.

ज्यांना यातलं कळतं ते इथेच वाचायचं थांबवतील, याची मला कल्पना आहे. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हार्ड डिस्क म्हणजे घरातला माळा, सगळं सामान तिथे रचलेलं. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. माळ्यावरून काहीही काढलं तरी ते आधी ओट्यावर येतं, मग पुढचं सगळं. आता ज्या घरात ओटाच नाही तिथे स्वयंपाक हळू होतो असं नाही... होतच नाही. रॅम काढलेला कंप्युटर बटण दाबल्यावर दोन-तीन बीप देतो आणि काळा पडदा दाखवून गप्प बसतो.

आता माझ्याबद्दल. मी एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर नेमाने वाचतो, आणि त्याखाली ‘घरातलं अर्थिंग तपासून घ्या’ अशी प्रतिक्रिया टाकणारा तो खवट माणूस मीच. एका ताईंच्या दिवंगत सासूबाईंचा आवाज रेडिओतून आला होता, तिथेही मी अर्थिंगचंच लिहिलं होतं. ताई, माफ करा.

मी मूळचा मिरजेचा. चौदा वर्षांपूर्वी नोकरीसाठी तंजावूरला आलो आणि इथल्याच एका मराठी घरातली मुलगी, मीना, हिच्याशी लग्न केलं. या लोकांचे पूर्वज मराठा राजांबरोबर आले ते इथेच राहिले. घरात मराठी बोलतात, पण देवनागरी कुणाला वाचता येत नाही, त्यामुळे मी इथे बिनधास्त लिहू शकतो. त्यांची मराठी जुनी आहे, वर तमिळचा हेल. आपण ‘मी सांगितलं’ म्हणतो, ते ‘मी सांगितलों’ म्हणतात. पहिली दोन वर्षं मी त्यांची मराठी सुधारत असे. नंतर कळलं की ते माझ्या मराठीला आपसात ‘रेडिओ’ म्हणतात.

सासऱ्यांना इथे मामा म्हणतात. आमचे मामा सरकारी बसचे ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी एकाच रूटवर... तंजावूर जुना बस स्टँड ते तिरुवैयारु. जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण त्यात पाच नद्या आणि पाच पूल. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही. त्याबद्दल मिळालेलं प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलेलं आहे, देवांच्या फोटोंच्या रांगेत, देवांपेक्षा बोटभर वर.

मामांना गेल्या वर्षी झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, ज्यात त्यांचा जीव आहे असं काहीतरी त्या हाताने करायला लावा.

इथे माझ्यातला सज्जन जावई जागा झाला. खरं सांगायचं तर मला दहा वर्षांपासून गेमिंग कंप्युटर हवा होता आणि मीना दहा वर्षांपासून नाही म्हणत होती. मी म्हटलं, स्टिअरिंग व्हीलवाला बसचा गेम मिळतो. मामांच्या हाताला व्यायाम होईल. मीनाने लगेच ओळखलं.

“अप्पांच्या नांवाने तुम्ही खेळणार.”

“छे.”

“आणि ते जत्रेसारखे लाइट लावलेलं नको. साधा लोखंडी डबा आणा.”

म्हणून साधा लोखंडी डबा आणला. त्याला काच नाही, म्हणजे बाहेरून आतलं काहीही दिसत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जुळणी मी स्वतः केली, कारण मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. पहिल्या प्रयत्नात रॅम चुकीच्या खाचांत बसवली होती, दुसऱ्यात पंखा उलटा.

गेमसाठी कुणा हौशी माणसाने या भागातले रस्ते हुबेहूब तयार करून फुकट ठेवले आहेत. कालवे, भातखाचरं, नारळ, पाचही पूल, थांब्यांवर उभी माणसं. पहिल्या दिवशी मामांना खुर्चीत बसवलं, उजवा हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला. इंजिन सुरू झालं. मामा पाच मिनिटं पडद्याकडे बघत नुसते बसले.

“मामा, हे पेडल दाबायचं,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेडलवरून हात काढला.

स्वयंपाकघरातून मीना म्हणाली, “अहो, विसिल कोण देईल?”

आमच्याकडच्या लोकांसाठी सांगतो. इथे कंडक्टर घंटा ओढत नाही, तोंडात शिटी असते. एक शिटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. डबल विसिल मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, मग मागे आग लागलेली का असेना. मीनाने ओल्या हातांनीच दाराशी येऊन दोन शिट्या वाजवल्या आणि बसमध्ये म्हणतात तसं हेल काढून म्हणाली, “पोलाम्, रैट.” चला, राइट.

बस सुटली. करंतैच्या थांब्यावर मामांनी ब्रेक मारला आणि तोंडाने म्हणाले, “करंतै.” दोन महिन्यांतला तो त्यांचा पहिला स्पष्ट शब्द. मीना आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता गाडी सुटायची आणि कंडक्टर मी. मामांबरोबर सतरा वर्षं एकच कंडक्टर होता, शण्मुगम. तो दोन वर्षांपूर्वी गेला. मामा आजारी आहेत हे कळल्यावर त्याची बायको तिरुवैयारुहून भेटायला आली होती, तेव्हा त्याची चामडी पिशवी आणि शिटी आमच्याकडे ठेवून गेली. घरात नुसती खिळ्याला असते, म्हणाली. ती पिशवी खांद्याला लावून मी स्टुलावर बसायचो.

मी वाईट कंडक्टर होतो. पहिल्या आठवड्यात एक शिटी आणि दोन शिट्या यांत घोळ घातला. मग सवयीने, न बघताच डबल द्यायला लागलो. पडद्यावर माणसं अजून चढतायत आणि माझी शिटी झालेली. मामा गाडी हलवायचे नाहीत. मान न वळवता म्हणायचे, “फूटबोर्ड बघ.” दोन शब्द. फिजिओच्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, उत्तम, तुम्ही चुकत राहा.

तीन महिन्यांत मामा पूर्ण वाक्यं बोलायला लागले. उजव्या हाताने चमचा धरायला लागले. आणि मग कंप्युटर बंद पडायला लागला.

एके दिवशी वेट्टारच्या पुलावर, म्हणजे तिसऱ्या नदीवर, बस मधोमध असताना पडदा निळा झाला. मेमरी मॅनेजमेंट एरर. मी म्हटलं, व्होल्टेज. दुसऱ्या दिवशी तोच पूल, तोच निळा पडदा. तिसऱ्या दिवशीही तेच. मी वैतागलो होतो, कॉलेजात पेपर तपासून डोकं उठलं होतं. पडद्याकडे बघत म्हटलं, “क्रॅश झालं, मामा. पार क्रॅश.”

मामांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. जरा वेळाने त्यांनी विचारलं, “किती?”

मी म्हटलं, “तीन.”

आजचं धरून तिसऱ्यांदा, असं मला म्हणायचं होतं.

मामांनी डाव्या हाताने आपला उजवा हात स्टिअरिंगवरून उचलला, मांडीवर ठेवला, उठले आणि खोलीत गेले. जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमधलं प्रमाणपत्र भिंतीकडे तोंड करून टांगलेलं होतं.

“तुम्ही काय बोललांत अप्पांना?” मीनाने विचारलं.

मी आठवून आठवून सगळं सांगितलं. ‘किती’ आणि ‘तीन’पाशी आल्यावर तिने मला थांबवलं.

“क्रॅश म्हणजे अप्पांना काय वाटेल हो? तीन माणसं मारून आलांत तुम्ही त्यांच्या हातून.”

माझ्या आजवरच्या चुकांची यादी लांब आहे. त्यात लग्नाच्या मांडवात तमिळमधून आभार मानताना नवऱ्या मुलीच्या आईला मी म्हैस म्हटलं होतं, तीही आहे. पण ही पहिल्या नंबरची.

आम्ही दोघांनी समजावलं. हा खेळ आहे मामा, कुणी नाही गेलं. मामांना खेळ आहे हे माहीत होतं, तेवढं डोकं त्यांचं शाबूत होतं. पण ते भिंतीकडे बघून एवढंच म्हणाले, “मी मारलों.” मी मारलं. त्यानंतर बोलणं बंद. चमचा पुन्हा डाव्या हातात गेला. फिजिओच्या बाई म्हणाल्या, आत्ता जे गेलं ते परत आणायला दुप्पट वेळ लागेल, आणि कदाचित येणारही नाही. मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

म्हणजे काम साधं होतं... बस वेट्टारच्या पुलापलीकडे न्यायची.

पुढचे दहा-बारा दिवस मी कंप्युटरच्या मागे लागलो. शिकवतो तसं पायरीपायरीने जायला हवं होतं, ते सोडून सगळं केलं. विंडोज पुसून नव्याने टाकलं. स्टॅबिलायझर आणला. मग नकाशातच खोट असणार असं ठरवून पुलाची फाइल बदलली. त्यावर बस वेट्टारमध्ये सरळ पडली आणि बुडबुड्यांचा आवाज आला. मामा खोलीत होते, हे नशीब.

शेवटी पेन ड्राइव्हवरून मेमरीची चाचणी लावली आणि पडद्यावर लाल ओळींची रांग लागली. रॅम. दोनपैकी एक पट्टी लावली की चाचणी स्वच्छ. दुसरी एकटी लावली, तीही स्वच्छ. दोन्ही एकत्र लावल्या की लाल ओळी. खोडरबराने सोनेरी दात घासले, खाचांत फुंकर मारली, दुकानदाराने वाढवून दिलेला वेग कमी केला. लाल ते लालच. एकाच पट्टीवर चालवावं तर हा गेम उघडतच नाही. बदलून मिळायला तीन आठवडे लागतील असं दुकानात सांगितलं.

मी त्या चाचणीचा रिपोर्ट छापून मामांकडे घेऊन गेलो, शनिवारी, पावणेचारच्या सुमारास, पिशवी खांद्याला लावूनच. म्हटलं, मामा, दोष गाडीचा होता. तुमचा नाही.

बारा दिवसांनी मामांनी तोंड उघडलं. “एन्क्वायरी झाली?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अपघात झाला की चौकशी होते आणि ती पुरी होईपर्यंत ड्रायव्हर गाडीवर बसत नाही. मामा रुसले नव्हते. ते नियमाने घरी बसले होते.

“झाली की,” मी म्हटलं, आणि त्या लाल ओळींच्या कागदावरून इंग्रजीत वाचल्यासारखं केलं. मेकॅनिकल डिफेक्ट. नो कॅज्युअल्टी. ड्रायव्हर नॉट ॲट फॉल्ट.

मामांनी कागद हातात घेतला. “साइन कोणाचं?”

“माझं करतो.”

“तू कंडक्टर.”

मीना पुढे आली, माझ्या खिशातलं पेन काढलं आणि सही ठोकली. ती एका बँकेत ब्रांच मॅनेजर आहे, आणि इथे बस डेपोच्या मुख्य साहेबालाही ब्रांच मॅनेजरच म्हणतात. तिने सहीखाली तेवढंच लिहिलं. म्हटलं तर एक अक्षर खोटं नव्हतं.

मामांनी सही नीट बघितली. मग म्हणाले, “पार्ट?”

बरोबर आहे. दोष सापडला तर सदोष भाग कुठे? मी हॉलमध्ये जाऊन डबा उघडला. दोनपैकी नेमकी कुठली पट्टी वाईट ते ठाऊक नव्हतंच, म्हणून दोन्ही काढल्या आणि मामांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी वजन केल्यासारखा हात वरखाली केला.

“इतकंच?”

“इतकंच, मामा.”

“डेपोला दे,” म्हणाले आणि पट्ट्या मला परत दिल्या. मी खांद्यावरच्या पिशवीत टाकल्या आणि बंद लावला. दुरुस्त गाडीला सील लागतं, तेही त्यांनी सांगितलं. मीनाने कागदाची पट्टी कापून डब्याच्या झाकणावर आणि कडेवर मिळून चिकटवली, वर सही आणि तारीख. मामा आपले आपण चालत येऊन खुर्चीत बसले. उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला. तो त्यांनी डाव्या हाताने उचलला नाही, आपला आपण गेला. हे मी आणि मीनाने एकदमच बघितलं.

“विसिल,” मामा म्हणाले.

अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय असावं? रॅम असावी. माझ्या डोक्यात वेट्टार होता. आज पडदा निळा झाला तर हा माणूस पुन्हा खुर्चीत बसणार नाही, एवढंच होतं. मी बटण दाबलं. कंप्युटर सुरू झाला. गेम उघडला, इंजिन सुरू झालं, मी डबल विसिल दिली.

करंतै. वडवार. वेण्णार. वेट्टारच्या अलीकडच्या थांब्यावर मामा नेहमीपेक्षा जास्त थांबले. माणसं चढली. मी शिटी दिली. मीना हातात डाव घेऊन दारात उभी होती आणि डावातून सांबार फरशीवर ठिबकत होतं. बस पुलावर चढली. बस सरळ चालली होती. कठडे सरकत गेले, मग संपले, आणि पलीकडची नारळाची झाडं आली.

मामा तमिळमध्ये म्हणाले, “ताण्डियाच्चु.” ओलांडलं.

तिरुवैयारुला गाडी लावून ते उठले, हॉलमधल्या फ्रेमपाशी गेले आणि ती सरळ केली. जरा तिरकी राहिली. अजून तशीच आहे, मीना हात लावू देत नाही.

पुढचे आठ दिवस रोज चार वाजता गाडी सुटली आणि रोज पाचही पूल ओलांडून पोचली. एकदाही निळा पडदा नाही. मामा बोलायला लागले, आणि बाराही दिवसांचं साठलेलं माझ्यावर काढायला लागले. संपल्यावर मी कंप्युटर रोज बंद करायचो, आणि मीना भिंतीवरचं बटणही बंद करायची, कारण ती बंद करतेच. म्हणजे रोज नव्याने सुरू होणं आलं. रॅम मला का आठवली नाही, असं विचाराल. वस्तू नीट चालली की तिचा विचार करायचा नाही, हा माझा स्वभाव आहे.

नवव्या दिवशी वेण्णार ओलांडून झाल्यावर मीना म्हणाली, पिशवीचं चामडं पार सुकलंय, आणा इकडे, खोबरेल लावते. तिने माझ्या खांद्यावरून पिशवी काढली आणि बंद उघडून आत हात घातला.

“अहो, ह्या फण्या कोणाच्या?”

तिच्या हातात त्या दोन हिरव्या पट्ट्या होत्या, सोनेरी दात असलेल्या.

मी हसलो. मग हसणं तोंडावरच राहिलं. समोर बस चालली होती. इंजिनाचा आवाज येत होता. मी स्टुलावरून उतरून डब्यापाशी बसलो. मीनाची सील लावलेली पट्टी जशीच्या तशी होती, शनिवारच्या तारखेसह. ती फाडली, झाकण सरकवलं, फोनचा टॉर्च आत मारला. पंखे फिरत होते. रॅमच्या चार खाचा होत्या आणि चारही रिकाम्या होत्या. मी बोट घालून पाहिलं. बोटाला धूळ लागली.

फोटो का नाही काढला? फोनचा टॉर्च लावून बसलो होतो, आणि त्याच फोनने फोटोही निघतो हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी सुचलं.

“असे काय बसलांत, पालीसारखे?” मीनाने विचारलं.

“काही नाही.”

“विसिल,” मामा म्हणाले. वेट्टारच्या अलीकडचा थांबा होता. मी जमिनीवर बसल्याबसल्या, हातात टॉर्च धरून, डबल विसिल दिली. बस पूल ओलांडून गेली, कुडमुरुट्टी ओलांडली, कावेरी ओलांडली आणि तिरुवैयारुला लागली. मामा हात चोळत कॉफीला गेले.

मी कंप्युटर बंद केला आणि पुन्हा सुरू केला. तीन बीप, काळा पडदा. पुन्हा केला. तीन बीप. पाच वेळा केलं. मग त्या दोन पट्ट्या लावल्या आणि बटण दाबलं... लगेच सुरू. चाचणी लावली. ज्या पट्ट्या एकत्र लावल्या की लाल ओळी यायच्या, त्यांत एकही चूक निघाली नाही. आता आठ महिने होत आले, अजून निघालेली नाही.

अर्थिंग तपासलं. उत्तम आहे.

तुम्ही काय काय विचाराल ते मी स्वतःला विचारून झालंय. घरात तिसरी पट्टी नव्हती. बिलावरचे नंबर जुळवून पाहिले, ह्याच दोन. झोपेत किंवा तंद्रीत मी लावून परत काढल्या असतील, तर मधलं सील? ते मीनाच्या सहीचं होतं, आणि तिची सही मला जमत नाही, लग्नानंतर एकदा प्रयत्न करून झालाय. रॅमशिवाय सुरू होणारे बोर्ड असतात का? असतात, काही छोट्या यंत्रांत मेमरी आतच चिकटवलेली असते. आमचा तसला नाही, आणि तसला असता तर बीप का दिले असते?

दक्षिण वीथीवरच्या दुकानदाराला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, सार, मेमरी नसली तर ओडादु... चालणारच नाही. मी म्हटलं, चाललं. त्याने फार अदबीने विचारलं, “सार, कॉलेजमध्ये तुम्ही नक्की काय शिकवतां?”

मीनाला यात फारसं विशेष वाटत नाही. ती म्हणते, रॅम गाडीतच होती की, कंडक्टरकडे. शण्मुगम अण्णा एवढी वर्षं अप्पांची गाडी कधी अडू दिले नाहीत. असं म्हणून ती भाजी चिरायला लागते. दुसऱ्या कुणी इथे असं लिहिलं असतं तर खाली काय प्रतिक्रिया दिली असती ते मला माहीत आहे.

राहता राहिले मामा. त्यांना मी मुद्दाम विचारलं नव्हतं. जुन्या गोष्टी उकरल्या आणि ते पुन्हा गप्प झाले तर काय, ही भीती. आता ते बरेच सावरलेत, गेल्या महिन्यात उजव्या हाताने सही केली. तेव्हा परवा गाडी सुटायच्या आधी हिंमत करून सगळं सांगितलं. तो पार्ट काढला होता ना मामा, तो परत लावलाच नव्हता मी. नऊ दिवस.

मामा स्टिअरिंग पुसत होते. “दोष होता, काढलों. गाडी चालली. मग?”

“अहो पण मामा, त्या पार्टशिवाय ती सुरूच होत नाही. म्हणजे इंजिनच नसल्यासारखं आहे ते. आणि मला नऊ दिवस कळलं नाही.”

मामांनी फडकं घडी करून ठेवलं. खुर्ची पुढे ओढली, आरसा नाही तिथे आरसा बघितला.

“तुला कसं कळेल?” ते म्हणाले. “इंजिन उतरवून रस्त्यात ठेवलं तरी तू डबल विसिल देशील.”